उलट्या चोचीचा लाकडी पक्षी

मी एक जुना लाकडी पक्षी आहे. कोणता पक्षी, हे मात्र बरीच वर्षं माझं मलाच ठाऊक नव्हतं. मित्रांनो, तुम्हाला कुणी नाव विचारलं तर तुम्ही चटकन सांगाल. माझं नाव कुणी विचारलं, की आजूबाजूची माणसं आधी हसायची. ती का हसायची आणि पुढे का थांबली, ते सांगतो.

मला घडवलं अँब्रोजने. तो होड्या बांधणारा सुतार होता. ठाण्याच्या खाडीकाठी, चेंदणीच्या बंदराजवळ त्याचा झावळ्यांचा मांडव होता. आगगाडी तेव्हा ठाण्याहून कल्याणला आणि पुढेही जाऊ लागली होती, पण होडीचं लाकूड अजून खाडीतूनच येई. होडीच्या पोटात फासळ्यांसारखी वाकडी लाकडं लागतात. सरळ लाकूड तासून ती करता येत नाहीत. झाडावरच वाकलेली फांदी शोधावी लागते. त्यासाठी अँब्रोज कल्याणच्या वखारीत जाई, आंबिवलीकडून आलेल्या बाभळीच्या ढिगात हिंडे, एकेक फांदी हातात घेऊन एक डोळा मिटून पाही. तिचा बाक कुठल्या होडीत कुठे बसेल, ते त्याला उभ्या जागी दिसे. दोरी लावून मापत बसणं त्याला माहीत नव्हतं. त्याच्या नजरेवर सगळं बंदर विसंबून होतं.

थंडीच्या एका सकाळी तो लाकडं भरून एकटाच परतत होता. भरती संपत आली होती. वेळ वाचावा म्हणून त्याने कळव्याच्या बाजूने, फुटक्या आगरावरून होडी घातली. हे एक जुनं मिठागर होतं. एका वादळात त्याचा बांध फुटला आणि मग कुणी तो पुन्हा घातला नाही. भरतीला तिथे खाडीचं पाणी भरे आणि ओहोटीला निथळून जाई. त्या दिवशी ते अँब्रोजच्या अंदाजापेक्षा लवकर निथळलं. होडी चिखलात बसली.

होडी बांधणाऱ्याची होडी रुतावी, याहून मोठी नामुष्की आमच्या बंदरात नव्हती. अँब्रोजने चारी बाजूंना पाहिलं. कुणी नव्हतं. त्याला बरं वाटलं. चिखल कमरेइतका, उतरायची सोय नाही. पुढची भरती येईपर्यंत बसून राहण्यावाचून इलाज नव्हता.

पाणी आणखी उतरलं. उरला तो चिखलावरचा पातळ थर, ताटात सांडलेल्या पेजेसारखा. आणि तेव्हा ते पक्षी उतरले.

अँब्रोजचा जन्म खाडीकाठचा, पण असे पक्षी त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने ढिगातला एक बाभळीचा तुकडा ओढला, कमरेची सुरी काढली आणि एकदा त्यांच्याकडे, एकदा लाकडाकडे बघत कोरायला सुरुवात केली. चोचीसाठी त्याने एक बारीक, बाक असलेली काटकी निवडली, घासून तिला टोक आणलं आणि माझ्या तोंडात घट्ट ठोकून बसवली. माझे डोळे मात्र त्याने शेवटी, घरी आल्यावर कोरले. त्यामुळे मी माझ्या सोयऱ्यांना पाहिलं नाही. फक्त ऐकलं. त्यांचा आवाज गोड होता, थोडा काळजीचा. क्लूट, क्लूट.

घरी त्याने मला रंग दिला. अंगाला चुन्याचा पांढरा. टोपीसारखा डोक्यावर आणि मानेच्या मागे, शिवाय पंखांवर पट्ट्यांनी, दिव्याच्या काजळीचा काळा. पायांना कपड्यांची नीळ. मग त्याने मला आपल्या लेकीच्या हातात ठेवलं. तिचं नाव लुर्दस. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती; घरात बाप आणि लेक दोघंच.

नाव काय ह्याचं, तिने विचारलं. अँब्रोज म्हणाला, "नाव मना म्हाईत नाय. पन असाच हाय."

दुसऱ्या दिवशी परशुराम मांडवात आला. तो अँब्रोजचा लहानपणापासूनचा दोस्त. खाडीपलीकडे त्याची मिठागरं होती. सोबत त्याची म्हातारी आई आवडाबाई होती. तिची जीभ बंदरभर प्रसिद्ध. तिने मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि अँब्रोजला विचारलं, "देवानं पक्षी केले, तवा उरलेसुरले तुकडे तुज्याकडं धाडले का रं?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. खाडीत कोरल नावाचा मोठा पक्षी येतो. त्याची चोच लांब आणि खाली वाकलेली. माझी लांब, पण वर वळलेली. शेकाट्या नावाचा पक्षी काळा-पांढरा असतो. पण त्याची चोच सरळ आणि पाय गुलाबी. माझे पाय निळे, शिवाय बोटांमध्ये बदकासारखे पडदे. चिखलात चालणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्याला बदकाचे पडदे कुणी पाहिले होते? परशुराम म्हणाला, अंब्रोज, चोच उलटी ठोकलीस, तेवढं कबूल कर.

अँब्रोज म्हणाला, मी बघितलाय. फुटक्या आगरात. असाच.

एवढंच तो म्हणाला. होडी रुतली होती, हे त्याने सांगितलं नाही. मित्रांनो, सगळी गोष्ट त्या न सांगितलेल्या वाक्यात अडकली. मला ते ठाऊक होतं. पण लाकडाला चोच असून उपयोग काय?

परशुरामाने मित्राचा शब्द म्हणून येता-जाता फुटक्या आगराकडे पाहिलं. महिनाभर पाहिलं. तिथे नुसतं पाणी. आगरातली माणसं भरतीला खाडी ओलांडतात, कारण होडीला पाणी लागतं. दिवसभर आपल्या उंच बांधाआड काम करतात आणि दुसऱ्या भरतीला परततात. फुटकं आगर त्यांना दिसे ते नेहमी भरलेलं, ढोपराच्या वर पाणी असलेलं. ओहोटीला तिथे काय असतं, ते पाहायचं तर रुतायला हवं. आणि जाणूनबुजून रुतणारा वेडा त्या काठावर नव्हता.

म्हणून परशुराम सगळ्यांना सांगू लागला, की जन्म गेला माझा त्या पाण्यावर, असला पक्षी नाही. मग लोकांनी पुढचा विचार केला. अँब्रोज खोटं बोलणारा माणूस नव्हे. तेव्हा त्याची नजरच गेली असली पाहिजे. नाही ते दिसतं त्याला. आणि ज्याला नाही ते दिसतं, त्याच्या एका मिटल्या डोळ्यावर विसंबून होडी कोण बांधून घेणार?

त्याचं नाव ‘उलट्या’ पडलं. नव्या होड्या दुसऱ्या सुताराकडे जाऊ लागल्या. अँब्रोजकडे उरली ती डागडुजी: फटीत कापूस भर, तळाला चुन्याचा लेप दे. मी मांडवाच्या खांबावर उभा होतो आणि माझ्या उलट्या चोचीला तो आपला ओळंबा अडकवत असे. वर वळलेली असल्यामुळे दोरी निसटत नसे. माझं काम तेवढंच होतं आणि मी ते नीट केलं.

लुर्दस मोठी होत होती. ती मला काखेत मारून काठावर जाई आणि चिखलातल्या प्रत्येक पक्ष्याशी मला ताडून पाही. संध्याकाळी बापाला सांगे, बा, आज एक दिसला, पण पाय गुलाबी. बा, एकाची चोच थोडी वर होती, पण अंगाने मातकट आणि मुठीएवढा. अँब्रोज म्हणे, तो नव्हे. एकदा तो म्हणाला, "नुसती चोच बगू नको. चोचीनं तो काय करतो, ते बग."

तेव्हापासून ती तसं पाहू लागली. कोरल आपली चोच चिखलात मुळापर्यंत खुपसतो आणि खेकडा ओढून काढतो. म्हणून ती खाली वाकलेली. शेकाट्या पाण्यावरचे किडे वेचतो, सुईने टाके उसवावेत तसे. म्हणून ती सरळ. मग आपला काय करतो, तिने विचारलं. अँब्रोज उठला, कमरेत वाकला आणि हातातलं लाकूड तासायचं वाकस डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जमिनीलगत फिरवत मांडवभर चालला. लुर्दस हसून लोळली. बापही हसला. त्याला असं हसताना पुढे फार वेळा कुणी पाहिलं नाही.

काही वर्षांनी परशुरामाला मीठ वाहायला मोठा मचवा हवा होता. अँब्रोजने आयुष्यात एकच मचवा बांधला होता, तोही आपल्या वडिलांच्या हाताखाली. परशुराम मांडवात आला, बसला, पान खाल्लं. त्याला काम अँब्रोजलाच द्यायचं होतं, पण घरच्यांची तोंडं कशी बंद करायची हा प्रश्न होता. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून तो चेष्टेने म्हणाला, त्याची चोच सुलटी बसव. मी सांगतो लोकांना, अंब्रोजची नजर सुधारली.

परशुराम गेल्यावर अँब्रोजने मला खांबावरून खाली घेतलं, गुडघ्यांत धरलं आणि चोच हळूहळू पिरगळली. ती घट्ट बसली होती. माझ्या कपाळाला चीर गेली, पण चोच फिरली. आता ती खाली वाकलेली होती. लुर्दस दारात तांदूळ निवडत होती. तिने पाहिलं. तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

मचवा झाला. असा देखणा मचवा त्या काठाने पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. पाद्रीबाबांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आवडाबाईने पुढच्या टोकाला, नाळेवर नारळ फोडला, दोघांचेही देव राजी झाले. लोकांनी अँब्रोजची पाठ थोपटली. माझीही स्तुती झाली. आता कसा कोरल वाटतो, लोक म्हणाले. निळ्या पायांकडे त्यांनी कानाडोळा केला.

अँब्रोजला कामं मिळू लागली. पण ओळंबा माझ्या चोचीवर राहीना. दोरी निसटून खाली पडे. मग त्याने खांबाला खिळा ठोकला. मी मांडवातून घरातल्या फळीवर गेलो आणि तिथे धूळ खात पडलो. बाप-लेकीत पक्ष्यांची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

ती निघाली ते अँब्रोजच्या शेवटच्या आजारात. पावसाळा संपताना त्याला ताप आला आणि तो उतरलाच नाही. लुर्दस उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवी. एका दुपारी त्याने तिला मला खाली घ्यायला सांगितलं. तिने मला फळीवरून काढून त्याच्या हाताशी ठेवलं. माझ्या कपाळाच्या चिरेवरून त्याने बोट फिरवलं.

"मी चोच फिरवली, तरी तो असा नाय," तो म्हणाला.

"मना म्हाईत हाय, बा."

"कसं म्हाईत? तू कुटं बगला?"

लुर्दसने कपाळावरची पट्टी बदलली. तेव्हा इतक्या वर्षांनी त्याने तिला सांगितलं, की होडी रुतली होती, ओहोटी होती, पाणी पेजेइतकं उरलं होतं. भरती चढली तेव्हा ते लगेच उडून गेले नाहीत, आगर भरेपर्यंत बदकासारखे तरंगत राहिले. म्हणून पायांना पडदे. दम लागला म्हणून तो थांबला. मग म्हणाला, कुणाला सांगू नकोस. तिने विचारलं, रुतल्याचं? तो म्हणाला, हो, रुतल्याचं. आणि दोघंही थोडी हसली.

दोन दिवसांनी तो गेला. चर्चच्या आवारात त्याला माती दिली. लोक आले, बसले, चांगलं बोलले आणि उठून गेले. घर रिकामं झाल्यावर लुर्दसने त्याचं वाकस हातात घेतलं. त्याच्या तळव्याने दांडा एका जागी काळा आणि गुळगुळीत झाला होता. तिने तिथे आपला हात ठेवला. मग ते जागेवर ठेवून ती चुलीकडे वळली. रडताना मी तिला पाहिलं नाही. फळीवरून चुलीची बाजू दिसत नसे.

थंडी पडली. एका सकाळी तिने माझ्यावरची धूळ पुसली, मला टोपलीत ठेवलं आणि परशुरामाकडे जाऊन छोटी होडी मागितली. कशाला, त्याने विचारलं. फुटक्या आगराकडे जायचंय, ती म्हणाली. तिच्या अंगावरचे काळे कपडे पाहून त्याने होडी पाण्यात ढकलली. पण पोरीला एकटी सोडवेना, म्हणून स्वतःच वल्ही घेऊन बसला.

भरती संपत होती. फुटक्या आगराच्या मध्यावर आल्यावर लुर्दस म्हणाली, इथे थांबा काका. परशुराम थांबला. थोड्या वेळाने पाण्याचा रंग पाहून त्याने वल्हं उचललं. आता निघायला हवं, नाहीतर अडकू. तिने दुसरं वल्हं धरून ठेवलं. दोघांची ओढाताण होईस्तोवर होडीच्या तळाने चिखल धरला होता.

परशुराम खवळला. "अंब्रोजची पोर तू, आनि होडी रुतवतेस? लोक बगतील तर काय म्हनतील?"

"रुतवायचीच होती, काका. बा पन अशीच रुतवून बसला व्हता."

तिने बापाला दिलेला शब्द मोडला. मला वाटतं, त्याने तो तिच्याकडून घेतला तोच मोडण्यासाठी.

परशुराम तिच्याकडे पाहत राहिला. मग वल्हं आत घेऊन बसला. पाणी उतरत गेलं. दूर कोरल ओरडला. शेकाट्यांची जोडी आली, इकडेतिकडे टोचून निघून गेली. परशुरामाने विचारलं, हाच का? लुर्दसने मान हलवली. पाय बघा, गुलाबी. ऊन वर चढलं. परशुरामाने डोक्यावरचं पटकूर ओलं करून पुन्हा बांधलं. अजून किती, हे विचारायचं त्याने सोडून दिलं.

मग मला तो आवाज आला. क्लूट, क्लूट.

ते खाडीकडून खाली उडत आले आणि पातळ पाण्यात उतरले. लुर्दसने मला टोपलीतून काढून समोर धरलं. मी पहिल्यांदा माझ्या माणसांना पाहिलं. पांढरं अंग. डोक्यावर काळी टोपी, ती मानेवरून मागे उतरलेली. पंखांवर काळे पट्टे. लांब, निळसर पाय. आणि चोच बारीक, काळी, टोकाशी वर वळलेली.

त्यांनी ती पाण्याला लावली आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालू लागले. सगळे एका ओळीत. वर वळलेल्या चोचीचा बाक पाण्याखाली चिखलावर सपाट टेकत होता आणि त्यातले बारीक जीव गोळा होत होते. खाली वाकलेल्या चोचीला ते जमलंच नसतं. तिचं टोक चिखलात अडकलं असतं. लुर्दस पुटपुटली, अस्सा.

परशुरामाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. भरती परतू लागली. पाणी त्या पक्ष्यांच्या पायांच्या वर चढलं. उडतील आता, तो म्हणाला. पण ते उडाले नाहीत. पाय आपोआप चिखलावरून सुटले आणि ते शांतपणे तरंगू लागले, बदकांसारखे. त्यांतल्या एकाने तर डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळात केलं.

परशुरामाने मला लुर्दसच्या हातातून घेतलं. माझ्या पायाच्या बोटांमधल्या पडद्यांवरून अंगठा फिरवला. मग माझी चोच धरून वर फिरवायचा प्रयत्न केला. ती खाडीच्या दमट हवेने फुगून बसली होती, फिरेना. जोर लावला असता तर मोडली असती, आणि ते त्याला कळलं.

मला तिच्या हाती परत देऊन तो म्हणाला, "रुतला व्हता, हे त्यानं मना का नाय सांगितलं?"

"तुमी हसला असता, काका."

होडी चिखलातून सुटून हलकी झाली होती, तरी परशुरामाने वल्ह्याला हात लावला नाही.

"हसलो असतो," तो म्हणाला.

मित्रांनो, पुढे लुर्दसने मला चुलीवरच्या शिंक्यात ठेवून सुकवलं आणि मी कोरडाठाक झाल्यावर चोच मूळ जागी आणली. कपाळाची चीर तशीच आहे. रुतून काय पाहिलं, ते परशुरामाने बंदरभर स्वतःच सांगितलं आणि मला पाहून हसणारी माणसं थांबली. पुढे कुणा जाणत्याने सांगितलं, की या पक्ष्याला उचाट्या म्हणतात आणि तो थंडीत फार लांबून येतो. तेव्हा माझं नावही मला मिळालं. अँब्रोजने मात्र मला नाव नसतानाच ओळखलं होतं.

माझं मागणं मोठं नाही. मला तेल लावा, उन्हात ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, आज ना उद्या कुजेलच. पण तुमच्या घरातलं कुणी उद्या म्हणालं, की मी अमुक पाहिलं, आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर त्याच्या डोळ्यांची परीक्षा घेत बसू नका. कुठे पाहिलंस ते विचारा. पाणी तेव्हा किती होतं, तेही विचारा. तो सांगायला लाजला, तर हसू नका. आणि तो माणूस आहे तोवर त्याच्याबरोबर जाऊन बसा. लुर्दस नंतर दर थंडीत जात राहिली. होडीत दुसरी जागा रिकामी असे. तिथे ती मला ठेवी.